ताई म्हणायचं नाही

"सोमवारपर्यंत तू मला ताई म्हणायचं नाहीस," ताईने धाकटीला सांगितलं, आणि धाकटीचा चालता हात तिथल्या तिथे थांबला.

मी दोघींच्या मध्ये बसले होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं. कलमांच्या बागेत आम्ही बायका ओळीने बसतो. पुढे सुरीवाली, तिच्या मागे पट्टीवाली. सुरीवाली पिशवीतल्या जंगली लिंबाच्या रोपाची साल उभी-आडवी चिरते, संत्र्याच्या काडीवरचा एक डोळा, म्हणजे गव्हाच्या दाण्याएवढा कोंब, सालीसकट अलगद काढते आणि त्या चिरेत सरकवते. पट्टीवाली त्यावर प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळते. एक पिशवी झाली की दोघी बूड घासत पुढच्या पिशवीपाशी. मी ताईची पट्टीवाली. सात वर्षं तिच्या मागे सरकते आहे. नवऱ्याच्या तोंडापेक्षा मी तिची पाठ जास्त बघितली असेल.

"ताई नाही तर मग काय म्हणू?" धाकटीने विचारलं.

"काहीही म्हण. आणि कुणी विचारलंच, तर आपल्या दोघींत तू थोरली."

 धाकटीने पुढच्या रोपाची साल चिरली आणि चीर नको तितकी खोल गेली. एवढ्या वर्षांत तिच्या हातून असं झालेलं मी पाहिलं नव्हतं.

हे सगळं सुरू झालं सूनबाईमुळे. म्हातारे मालक अंथरुणाला खिळले आणि बाग त्यांच्या सुनेच्या हातात आली. बाई वाईट नाही. शिकलेली आहे, आवाज चढवत नाही, उन्हात आमच्याबरोबर उभी राहते. पण गेल्या हंगामातली तीन ओळींची कलमं लोकांनी परत आणून तिच्या दारात टाकली. काही वाळलेली होती. जी जगली होती त्यांची तऱ्हा आणखी वाईट. फांदी आधी खाली जायची आणि मग गळाच्या आकड्यासारखी वर वळायची. डोळा चिरेत उलटा बसवला की असं होतं. ते कुणाच्या हातून झालं हे कळायला मार्ग नव्हता, कारण गाडीत भरताना सगळ्या ओळी एकत्र होतात. मग सूनबाईने तिच्या परीने तोड काढली. पन्नाशीनंतर जवळचं दिसत नाही, म्हणाली. तेव्हा पन्नास ओलांडलेल्या बायकांनी सुरी ठेवायची आणि मातीच्या पिशव्या भरायला जायचं. सोमवारी एकेकीचं वय लिहून घेणार.

आता पिशव्या भरणं म्हणजे काय ते ज्याने केलं त्यालाच माहीत. दिवसभर माती चाळा, शेणखत मिसळा, संध्याकाळी नाक शिंकरलं तरी काळं निघतं. पण कष्टाचं कुणाला एवढं काही नाही. सुरी म्हणजे मान. सुरीवाली रस्त्याने निघाली की लोक तिला हाक मारून थांबवतात, आमच्या परसातल्या झाडावर एक डोळा भरून जा म्हणतात, बसायला देतात. मातीवालीला कोण थांबवतं?

ताई अठ्ठावन्न वर्षांची. हे मी सांगते आहे, तिने स्वतः कधी कुणाला सांगितलेलं नाही. सूनबाईला तिने आल्या-आल्या सेहेचाळीस सांगितलं होतं आणि ते खपूनही गेलं, कारण तिचे केस कुळकुळीत काळे. दर दुसऱ्या रविवारी तिच्या घरामागे मी जुन्या ब्रशने ते काळे करते. कानामागचं तिला दिसत नाही, ते माझ्याकडे. धाकटी तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पण तिचं डोकं अडतिसाव्या वर्षीच पिकलं आणि तिने ते तसंच राहू दिलं. दोघी शेजारी बसल्या की परक्या माणसाला धाकटी आईसारखी वाटते. आणि ही पांढऱ्या डोक्याची बाई त्या काळ्या डोक्याच्या बाईला दिवसातून पन्नास वेळा ताई म्हणते. आम्ही बाकीच्यांनी म्हटलं तर ठीक, आम्ही तिच्याहून लहानच. पण सख्ख्या बहिणीने म्हटलं की हिशेब उघडा पडतो. ताईला झोप लागत नव्हती ती यामुळे.

कागदपत्रांची भीती नव्हती. आमच्यातल्या निम्म्याजणी कागदावर एकाच तारखेला जन्मलेल्या आहेत, मास्तरांच्या कृपेने. सूनबाईने ते कागद बघितले, हसली आणि बाजूला सारले. तोंडानेच सांगा म्हणाली.

आता माझ्या पोटातली गोष्ट सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ताईला जवळचं दिसत नाही. चार वर्षं झाली असतील. तिच्याकडे चष्मा आहे, तो डाळीच्या डब्यात लपवलेला असतो आणि दार लावून धान्य निवडताना बाहेर निघतो. बागेत तो आणायची तिची तयारी नव्हती. चष्मा लावला की वय कपाळावर लिहिल्यासारखं, म्हणायची. मग ती काय करायची, तर मी सगळ्या काड्या ओल्या पोत्यात एकाच दिशेने, शेंडा डावीकडे करून रचून ठेवायचे. ती न बघता उचलायची, पण मान अशी वाकवायची की जणू बारकाईने बघते आहे. हात सरावलेला. शंभरातले पंच्याण्णव बरोबर बसायचे. उरलेले पाच मी पट्टी बांधता बांधता गुपचूप फिरवायचे. डोळ्याखाली पानाच्या देठाचा तोडलेला खुंट असतो. तो खाली हवा. वर दिसला की समजायचं, उलटा.

गेल्या हंगामात लेकीच्या बाळंतपणाला मी वीस दिवस नव्हते. माझ्या जागी एक नवी पोर बसली होती, तिने काड्या कशाही ठेवल्या आणि जे आलं ते बांधलं. त्या तीन ओळी कुणाच्या होत्या हे कुणी मला सांगायची गरज नव्हती. ताईलाही नव्हती. आम्ही दोघी त्यावर एक शब्द बोललो नाही.

तर सोमवारपर्यंतचे ते चार दिवस कसे गेले म्हणून सांगू. धाकटीच्या जिभेला चौपन्न वर्षांचं वळण. "ता" म्हणून तोंड उघडायचं आणि खोकल्यात घालवायचं. शुक्रवारी सूनबाई ओळीतून चालत आली, तेव्हा धाकटीला पाणी हवं होतं आणि तांब्या ताईपाशी. तिने "अगं" म्हटलं, "अहो" म्हटलं, शेवटी काही न म्हणता गुडघ्यांवर रांगत जाऊन स्वतः तांब्या आणला. सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. आज दोघी बोलत नाहीत का, विचारलं. मी म्हटलं, उन्हाने डोकी तापलीत. ती पुढे गेली. ताईच्या पाठीवर घामाचा ओघळ उतरताना मला दिसला.

रविवारी आम्ही तिच्या घरामागे बसलो होतो. ताईच्या खांद्यावर जुनी चादर, केसांना काळं फासलेलं, मी कानामागे ब्रश फिरवते आहे, आणि धाकटी आली. ती उभीच राहिली. वारा तापलेला होता आणि अंगणातली धूळ तिच्या पायांभोवती फिरत होती.

"उद्या मी काय सांगायचं ते ठरवून घेऊ," ती म्हणाली. "चौपन्न सांगितलं तरी माझी सुरी जाणार. माझं डोकं बघूनच जाणार. ते मी गिळलं. पण तू थोरली हो म्हणतेस."

ताई म्हणाली, चौपन्न म्हटलंस तर बहीण म्हणून मलाही पन्नाशीत धरतील, एकोणसाठ सांग. तुझी जाणारच आहे, तर आणखी पाच वर्षांनी तुझं काय बिघडतंय?

माझ्या हातातला ब्रश थांबला. असं कुणी बोलतं का? पण घाबरलेलं माणूस काहीही बोलतं.

"लहानपणापासून तुझे जुने कपडे घातले," धाकटी म्हणाली. "तुझी फाटकी पुस्तकं, तुझ्या झिजलेल्या चपला. नवं ते तुला, उतरलेलं मला. आता तुझी वर्षंही मीच घालू?"

 ताईच्या कपाळावरून काळा ओघळ भुवईपर्यंत आला, मी तो पुसला. मग ती जे बोलली ते मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. म्हणाली, नवरा गेला तेव्हा मी रडले आणि तिसऱ्या दिवशी कामावर आले. पोरं लांब गेली, तेव्हाही आले. त्या सुरीपाशी बसलं की मला वाटतं अजून आपली कुणाला तरी गरज आहे. ती गेली की मी फक्त म्हातारी उरते. एवढं बोलून तिने चादर अंगाभोवती ओढून घेतली, एवढ्या उन्हात.

धाकटीने काही कबूल केलं नाही, नाकारलंही नाही. आली तशी निघून गेली. जाताना कुंपणाचं फाटक तिने हळूच लावलं, आणि त्याने मला जास्त भीती वाटली. आपटून गेली असती, तर राग निघून गेला म्हटलं असतं.

सोमवारी शेडमध्ये टेबल मांडलेलं होतं. एका बाजूला वही, दुसऱ्या बाजूला रोपांच्या पिशव्या आणि काड्यांचा ढीग.  काड्या सूनबाईने स्वतः कापून आणल्या होत्या, आणि शेंडे कुठे, बुडखे कुठे, सगळा गोंधळ. नुसतं वय लिहून भागायचं नाही, ती म्हणाली, वय सांगून झालं की प्रत्येकीने माझ्यासमोर दहा डोळे भरायचे. मला हात बघायचे आहेत. मी ढिगाकडे सरकायला लागले, म्हटलं काड्या रचून देते, पण तिने मला हाताने थांबवलं. राहू द्या, बसा.

तीन-चार तरुण बायका पटापट झाल्या. मग धाकटीला बोलावलं. ती टेबलापाशी गेली, पदराला हात पुसले. ताई माझ्या शेजारी उभी होती. 

"वय?"

"एकोणसाठ."

धाकटीने ते असं सांगितलं की जणू जन्मापासून तिला एवढीच वर्षं झालेली होती. सूनबाईने लिहिलं. मग ताईकडे पेनाने खूण करून विचारलं, या तुमच्या कोण?

"धाकटी बहीण."

ताईने मान खाली घातली. सुटल्याचा आनंद मला काही तिच्या चेहऱ्यावर दिसला नाही. धाकटीने कमरेची सुरी काढली, पातं मिटलं आणि वहीच्या शेजारी ठेवली. तिचे दहा डोळे कुणी मागितलेच नाहीत. एकोणसाठ वर्षांच्या बाईची परीक्षा कोण घेतं? ती चार पावलं मागे जाऊन खांबाला टेकून उभी राहिली.

ताईने सेहेचाळीस सांगितलं आणि टेबलापाशी बसली. मी पट्ट्या घेऊन तिच्या मागे. सूनबाई उठून माझ्या खांद्याशी आली, अगदी एवढ्या जवळ की तिच्या साडीची इस्त्री मला हुंगता येत होती. आता काही फिरवणं शक्य नव्हतं. ताईने पहिली काडी उचलली आणि मान वाकवली. मी देवाचं नाव घेतलं. पहिला सुलटा. दुसरा सुलटा. तिसरा, चौथा, पाचवा. मी पट्टी बांधत होते. नशिबाने काड्या सरळ हातात येत होत्या, दुसरं काही नाही.

सहावी काडी तिने उचलली ती शेंडा उजवीकडे असलेली. मला दिसलं. मी खाकरले. तिने ते ऐकलं असावं, कारण हात क्षणभर थबकला. तिने काडी डोळ्यांपाशी नेली, लांब नेली, परत जवळ आणली. अंगठ्याने एकदा चाचपली असती तर देठाचा खुंट कुठे आहे ते लगेच कळलं असतं. पण चाचपायचं म्हणजे दिसत नाही हे कबूल करायचं, आणि तेच तर तिला नको होतं. सुरी फिरली. डोळा निघाला आणि चिरेकडे गेला.

"ताई, उलटा."

खांबापासून आवाज आला. मोठा नव्हता, रागाचा नव्हता. रोज कामात एकमेकींना सांगतो तसा. धाकटीने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

तिने मुद्दाम म्हटलं की सवयीने, हे मी त्यानंतर कितीदा तरी स्वतःला विचारलं आहे. कधी वाटतं सवयीने. चुकीचं काम समोर दिसलं की तिला राहवत नाही. कधी ते कुंपणाचं फाटक आठवतं.

सूनबाई वाकली, चिरेतला डोळा बघितला, मग वळून खांबाकडे बघितलं. तिने पावलं मोजली नाहीत, पण नजरेने मोजली. तुम्हाला तिथून दिसलं, विचारलं.  मग सूनबाईने हळूच विचारलं, आणि ताई कुणाला म्हणालात?

याचं उत्तर धाकटीला देता येणार नव्हतं. ते ताईने दिलं. तिने आधी तो उलटा डोळा चिरेतून काढला, अंगठ्याने चाचपला, फिरवून नीट बसवला. काम अर्धं टाकून बोलायची तिला सवय नाही. मग ती उठली.

"मला म्हणाली. मी अठ्ठावन्न आहे. ती माझ्या पाठची, चौपन्न. चार वर्षं झाली मला दिसत नाही, तिला दिसतं. गेल्या साली परत आलेल्या ओळी माझ्या होत्या."

एवढं बोलून तिने आपली सुरी टेबलावर ठेवली, धाकटीच्या सुरीच्या शेजारी. दोन्हींच्या मुठी सारख्याच झिजलेल्या होत्या. मला रडू आलं आणि रागही आला. चार वर्षं मी जिवावर उदार होऊन जे झाकलं, ते हिने पाच वाक्यांत उघडं केलं.

सूनबाई खुर्चीवर बसली. वहीचं पान तिने बराच वेळ बघितलं. तीही अडचणीत आली होती. नियम तिचा, आणि पन्नाशी ओलांडलेली पांढऱ्या डोक्याची बाई तिच्यासमोर चार पावलांवरून डोळा ओळखत होती. शेवटी तिने वयाच्या रकान्यावर उभी रेघ मारली आणि धाकटीला म्हणाली, या, दहा भरून दाखवा. धाकटीने दहा भरले. दहाही सुलटे. सूनबाईने तिची सुरी उचलून तिच्या हातात दिली.

मग ती ताईकडे वळली. चष्मा लावून येत असाल तर बघू, म्हणाली. ताईने मान हलवली. "चष्मा आणते, पण सुरी नको. पट्टी द्या."

"कुणाच्या मागे?"

"हिच्या," धाकटी बोलायच्या आत ताई म्हणाली. मग तिच्याकडे बघून विचारलं, "चालेल ना गं?"

उभ्या जन्मात ताईने धाकटीला काही विचारलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. धाकटीने नुसती मान डोलावली.

मला वाटलं, चला, मिटलं. पण सूनबाई शिकलेली बाई. तिची नजर माझ्या हातातल्या पट्ट्यांवर आली. चार वर्षं ताईला दिसत नव्हतं, तर मग एवढी कलमं सुलटी कशी निघाली, असं तिने मला विचारलं. मी पट्ट्या मोजायला लागले. तिने उत्तराची वाट पाहिली नाही. दोन हंगाम पिशव्या भरा म्हणाली, आणि वही पुढे ओढून, रेघ मारलेल्या रकान्याशीच पेन नेऊन, सवयीने विचारलं, तुमचं वय?

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. समोर ताई उभी, इतकं सगळं सांगून बसलेली. मग मीही खरं सांगितलं. फक्त दोन वर्षं कमी.

आता मी माती चाळते. चाळणीपाशी बसलं की सगळी ओळ दिसते. ताईने काळं फासणं सोडलं. चार महिन्यांत भांगाच्या दोन्ही बाजूंना हातभर पांढरं नाही, पण बोटभर नक्की आलं आहे. चष्मा दोरीने गळ्यात असतो, डोळ्यांवर क्वचितच. धाकटी पुढे, ती मागे, दोघी बूड घासत सरकतात. लोक रस्त्यात आता धाकटीला थांबवतात, आणि ताई बाजूला उभी राहून वाट बघते. तेव्हा तिच्या मनाला लागत असणार. लागतंच.

पण एक गोष्ट मी रोज बघते. धाकटी डोळा बसवते, आणि पट्टीला देण्याआधी पिशवी तिच्याकडे सरकवून विचारते, "ताई, बरोबर आहे ना?" तिला स्वतःला लख्ख दिसत असतं. विचारायची काही गरज नसते. ताई चष्म्याला हात लावत नाही. सगळ्यांसमोर, कसलीही घाई न करता, त्या कोंबावरून अंगठा फिरवते, देठाचा खुंट खाली लागेपर्यंत चाचपते, आणि म्हणते, "आहे. बांधते."